एक टायर फाटला, हिशेब पाचांचा



आपल्या कितीतरी घरांत गाडी शोभेची नसते, रोजीची असते. कुणाची जीप वडापला चालते, कुणाची भाजी घेऊन मंचरच्या बाजारात जाते, कुणी ती लग्नाच्या वऱ्हाडाला भाड्याने देतो. अशा गाडीचा एक टायर फाटला की घरात पहिला प्रश्न पैशाचा निघतो. तीन चांगले आहेत, एकच गेला, मग एकच आणू. हिशेब सरळ वाटतो. पण गाडी चारही चाकांना जोर देणारी, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह असेल, तर तो इतका सरळ राहत नाही. तो कुठे चुकतो आणि बेताच्या खर्चात कसा बरोबर करता येतो, हे आज या सदरात पाहू.

विषय निघाला तो तळेघरच्या रस्त्यामुळे. मंचरहून घोडेगाव, घोडेगावहून डिंभे, आणि डिंभ्याचे धरण मागे टाकून घाट चढला की तळेघर. पुढे हाच रस्ता भीमाशंकरला जातो. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळ गावचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि चाकाखाली शहीद झाला.

तळेघरच्या आजूबाजूच्या वाड्या डोंगरात विखुरलेल्या आहेत. भात, नाचणी आणि हिरडा यांवर इथली घरे चालतात. एस.टी. जिथवर जाते तिथवर एस.टी., आणि पुढे जीप. तळेघरला आरोग्य केंद्र आहे, पण दुखणे मोठे असेल तर घोडेगाव किंवा मंचर गाठावे लागते. याच तालुक्यातले माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी डोंगर खचून गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव दिसत नाही, ही बातमी बाहेर पोहोचली ती एका एस.टी. चालकामुळे. या भागात चालती गाडी आणि जागा चालक यांची किंमत काय, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

आमच्या आपांचा मुलगा जुन्नरला राहतो आणि या भागात जुनी फोर व्हील बोलेरो चालवतो. गेल्या जुलैत, आवणीच्या दिवसांत, तळेघरच्या अलीकडे समोरून आलेल्या बसला साइड देताना त्याचे डावे मागचे चाक डांबरावरून खाली उतरले. पावसाने साइडपट्टी वाहून गेली होती आणि डांबराची कड उघडी पडली होती. चाक परत वर घेताना त्या कडेने टायरची बाजू बोटभर चिरली. आत सहा प्रवासी होते, त्यांत तळेघरच्या आरोग्य केंद्रात निघालेली एक गरोदर बाई. गाडी कुणालाही इजा न होता थांबली, स्टेपनी लावली, बाई वेळेत पोहोचली. अल्हम्दुलिल्लाह. खरा प्रश्न संध्याकाळी घरी आल्यावर उभा राहिला.

दुकानदाराने सांगितले होते, "एकच टाका, काय फरक पडतो? कंपनी दुसरी आहे, पण मापाचा आहे." एका टायरला सहा-सात हजार. दोन घेतले तर तेरा-चौदा. घरात तेवढी रक्कम होती ती सूनबाईच्या भिशीची, आणि ती मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी ठेवलेली. भाच्याने आम्हाला फोन करून विचारले, "मामू, तुम्ही शाळेत गणित शिकवता. खरंच एकानं चालेल का, सांगा."

गणिताआधी टायर दुरुस्त होतो का, ते पाहावे लागते. जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या भागात, मधोमध, खिळ्याने भोक पडले असेल तर आतून ठिगळ लावून पंक्चर नीट काढता येते. पण बाजूची भिंत चिरली असेल तर नाही. त्या भिंतीत फक्त रबर नसते, आत धाग्यांचे विणकाम असते आणि तेच हवेचा दाब आणि गाडीचा भार पेलते. धागे तुटले की वरून कितीही रबर चिकटवले तरी ताकद परत येत नाही. बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे आधीच तुटलेले आहेत असे समजावे. हवा गेलेल्या टायरवर गाडी बरीच पुढे नेली असेल तर तोही आतून कुस्करलेला असतो, बाहेरून धड दिसला तरी. भाच्याचा टायर दुरुस्तीपलीकडे गेला होता. दुकानदार त्या बाबतीत खरेच बोलला होता.

आता गणित. त्या बोलेरोच्या टायरवर २१५/७५ आर १५ असे माप लिहिलेले आहे. २१५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. यावरून नव्या टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर आणि परीघ सुमारे २,२१० मिलिमीटर येतो. समजा नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर खोल आहे आणि जुन्याची झिजून ३ उरली आहे. म्हणजे त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक, आणि परिघात सुमारे ३१ मिलिमीटरचा. एक किलोमीटर जायला नवा टायर साधारण साडेचारशे वेळा फिरतो, जुना त्याहून सहा-साडेसहा वेळा जास्त. रस्त्यावर भाराने टायर दबतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे बदलतात, पण फरक राहतोच. मापाचा टायर म्हणजे बरोबरीचा टायर नव्हे.

हा फरक गाडी कशी पचवते? मैदानावर मुले गोल धावतात तेव्हा बाहेरच्या आखणीतल्या मुलाला जास्त पळावे लागते. वळणावर गाडीच्या चाकांचेही तसेच होते. म्हणून एकाच आसाच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल नावाची गिअरची पेटी असते. ती एका चाकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त फिरू देते. एक टायर मोठा आणि एक लहान असला तर ही पेटी सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहते. विश्रांती मिळत नाही, आतले गिअर झिजतात. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढू शकते, आणि ओल्या घाटात ते धोक्याचे आहे. काही गाड्यांत मागच्या डिफरन्शियलला लॉक असते. तिथे हा फरक आणखी महाग पडतो.

फोर व्हीलच्या दांड्याची गोष्ट त्याहून पुढची आहे, आणि तिच्या इतिहासात आपल्या वाचकांना रस वाटेल असा एक दुवा आहे. जीपमुळे घराघरांत पोहोचलेली महिंद्रा कंपनी १९४५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे नाव महिंद्रा अँड मोहम्मद असे होते. महिंद्रा बंधूंचे भागीदार होते मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. त्याच सुमारास या कंपनीने अमेरिकेच्या विलीज कंपनीची जीप मुंबईत जोडायला घेतली. युद्धात चिखल तुडवण्यासाठी घडवलेली ती गाडी आपल्या शेतांत आणि डोंगरांत रुळली.

त्या जीपमध्ये गिअरशेजारी एक छोटा दांडा असे. तो टाकला की पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी घट्ट जोडले जातात आणि एकाच गतीने फिरतात. भाच्याच्या बोलेरोसारख्या बहुतेक फोर व्हील गाड्यांत तत्त्व अजून तेच आहे. डाव्या-उजव्या चाकांमध्ये फरक पचवायला डिफरन्शियल आहे, पण पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये तसे काही नाही. मागे मोठे टायर आणि पुढे झिजलेले असतील तर दोन्ही आस एकमेकांना ओढत राहतात. चिखलात चाके जराशी घसरतात आणि ताण सुटतो. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, मग ताण गिअरवर आणि सांध्यांवर साचतो. स्टीअरिंग जड होते, गाडी अडखळल्यासारखी चालते, दांडा परत काढायला गेले तर निघत नाही. म्हणूनच डांबरावर फोर व्हील टाकू नये. ज्या गाड्यांत चारही चाकांना कायम जोर जातो, त्यांच्या बाबतीत काही परदेशी कंपन्या चारही टायरच्या परिघात पाव इंचाहून जास्त फरक नसावा असे सांगतात. पाव इंच म्हणजे जेमतेम ६ मिलिमीटर. आपला फरक निघाला होता ३१.

हे सगळे फोनवर समजावणे अवघड होते, म्हणून रविवारी आम्ही जुन्नरला गेलो. सूनबाईने शिवणकामाची टेप आणली, आम्ही खिशातला खडू काढला. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे टायरवर आणि फरशीवर एकेक खूण केली, गाडी हळूच ढकलून चाकाचा एक फेरा पूर्ण केला, आणि फरशीवर दुसरी खूण केली. दोन खुणांमधले अंतर म्हणजे त्या टायरचा खरा परीघ, भारासकट. टेप दीड मीटरची, त्यामुळे दोनदा लावावी लागली. उरलेल्या तीन टायरांत फरक फार नव्हता. नक्षी साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर उरली होती. कायद्याने कमीत कमी १.६ मिलिमीटर लागते, तेव्हा ते तिन्ही अजून कामाचे होते.

मग स्टेपनी पाहिली. तिची नक्षी जवळजवळ नव्यासारखी. भाचा म्हणाला, "हीच लावून ठेवू की, एक टायरही आणायला नको." पण टायरच्या बाजूला चार आकड्यांचा एक शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१६ असेल तर २०१६ सालचा तेविसावा आठवडा. या स्टेपनीवर नेमका २०१६ चाच शिक्का होता. इतकी वर्षे ती ऊन-पाणी खात गाडीमागे टांगलेली होती. बाजूला बारीक भेगा पडल्या होत्या, रबर कडक झाले होते. नक्षी शाबूत असली तरी टायर म्हातारा झाला होता. अडचणीत घरापर्यंत आणायला ठीक, रोज माणसे नेण्यासाठी नाही.

म्हणजे वाटा तीन उरल्या. पहिली, बाकीच्यांच्या बरोबरीने झिजलेला, त्याच मापाचा आणि त्याच नक्षीचा वापरलेला टायर शोधणे. तो मिळाला तर सगळ्यात स्वस्त. पण त्याचा शिक्का वाचावा, रिमवरून काढून आतून हात फिरवावा, जुने ठिगळ किंवा चिर नाही ना ते पाहावे. दुसरी वाट, रबर चढवलेला रिमोल्ड टायर. घाटात प्रवासी घेऊन जाणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकांना तो लावूच नये. तिसरी वाट, एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे दोन नवे टायर घेऊन ते मागच्या आसाला जोडीने लावणे, आणि उरलेल्या तिघांतले दोन चांगले पुढे, तिसरा स्टेपनीला. जोडी नेहमी एका आसावर बरोबरीची हवी. नवी जोडी मागे लावतात, कारण ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी फिरते, आणि ती सावरणे चालकाच्या हाती राहत नाही. पुढे-मागे थोडा फरक राहतो, तो फोर व्हील फक्त चिखलात टाकली तर चालून जातो.

वापरलेला टायर शोधायला भाचा नारायणगाव आणि मंचरची दुकाने फिरून आला. जुळणारा मिळाला नाही. मग घरात बोलणे झाले. आपा म्हणाल्या, "पोरीची फी पुढच्या महिन्यात भरायची आहे. आता एक टायर घ्या, दुसरा दिवाळीला." हे काही चुकीचे बोलणे नव्हते. ज्या घरात महिना हातावर काढला जातो, तिथे प्रत्येक हजाराला आधीच नाव दिलेले असते. सूनबाई थोडा वेळ गप्प राहिली, मग नवऱ्याला म्हणाली, "त्या दिवशी गाडीत बसलेल्या बाईनं टायर पाहिला होता का? तिनं तुम्हाला पाहिलं आणि बसली." दोन टायर घ्यायचे ठरले. फीचा अर्धा भाग आम्ही हातउसना दिला. जुलैपासून महिन्याला थोडे-थोडे करत ते तो फेडतो आहे.

सूनबाईचे ते वाक्य आम्ही नंतर वर्गातही सांगितले. प्रवासी टायरचा शिक्का वाचत नाही, नक्षी मोजत नाही. तो चालकाच्या भरवशावर चढतो. आपण ज्याला अमानत म्हणतो, तीच ही.

आता रस्त्यात चाक बदलण्याविषयी, कारण तळेघरच्या घाटात पंक्चरवाला हाकेवर नसतो आणि मोबाइलची रेंज येते-जाते. गाडी शक्य तितक्या सपाट जागी, वळणापासून लांब घ्यावी. सगळे प्रवासी उतरवून कडेला, गाडीच्या उताराच्या बाजूला नाही, उभे करावेत. हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवून, ज्या चाकाला हात लावायचा नाही त्याच्या पुढे आणि मागे दगड लावावेत. जॅक ओल्या मातीत रुततो आणि गाडी कलते, म्हणून जाड फळीचा एक तुकडा गाडीत कायम ठेवावा. नट गाडी उचलण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच ढिले करावेत. जॅकवर असलेल्या गाडीखाली हात-पाय घालू नयेत. नवे चाक बसवताना नट ओळीने न आवळता एक सोडून एक, समोरासमोरचे आवळावेत, म्हणजे चाक सरळ बसते. गाडी खाली घेऊन पुन्हा आवळावेत, आणि चाळीस-पन्नास किलोमीटर गेल्यावर आणखी एकदा तपासावेत.

या सगळ्या खर्चाची आणि धावपळीची गरज का पडली? स्टेपनी नऊ-दहा वर्षे टांगलेली राहिली म्हणून. चार टायर झिजले, पाचवा बसल्या जागी म्हातारा झाला. पाचही टायर आळीपाळीने चालवले असते तर एक फाटल्यावर बरोबरीचा भाऊ हजर असता, आणि नवी जोडी घ्यावी लागली नसती.

त्याची पद्धत सोपी आहे. दर आठ-दहा हजार किलोमीटरला मागची दोन चाके सरळ पुढे न्यावीत. पुढचे उजवे चाक मागे डावीकडे जाते. स्टेपनी मागे उजवीकडे लावावी आणि पुढचे डावे चाक स्टेपनी म्हणून ठेवावे. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर मात्र बाजू बदलू नये. त्या वेळी दुकानदाराला विचारून घ्यावे. यात बचतही आहे. एक टायर ४०,००० किलोमीटर चालतो असे धरले, तर पाच टायरचे मिळून २,००,००० होतात. चार चाकांत वाटले की ५०,०००. म्हणजे नवे टायर घेण्याची वेळ दहा हजार किलोमीटर पुढे जाते. एक अडचण खरी आहे. पाचही एकदमच संपतात आणि एकदमच घ्यावे लागतात. म्हणून दर महिन्याला भाड्यातून पाचशे रुपये टायरच्या नावाने वेगळे ठेवावेत. पाच-सहा वर्षांत ती रक्कम तीस हजारांच्या पुढे जाते, आणि मुलांच्या फीला हात लागत नाही.

ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी येत्या रविवारी एवढे करावे. पाचही टायरवरचे चार आकडे वहीत लिहून ठेवावेत. प्रत्येकाची नक्षी काडेपेटीची काडी आणि पट्टीने मोजावी. बाजूच्या भिंतीवर, आतल्या अंगालाही, चिर किंवा फुगा आहे का पाहावे. सकाळी गाडी थंड असताना हवा तपासावी, स्टेपनीचीही. मुलांना हाताशी घ्यावे. परीघ आणि व्यास त्यांना फळ्यापेक्षा खडूच्या त्या दोन खुणांमध्ये लवकर कळतो. आमच्या वर्गातल्या मुलांनी आठवड्याभरात शेजारपाजारच्या अकरा गाड्या मोजून आणल्या. त्यांतल्या चार गाड्यांत स्टेपनीला हवाच नव्हती.

पुढील अंकात घरच्या पाण्याच्या टाकीविषयी बोलू, इन्शाअल्लाह.